स्वनातीत झोत आणि नोझलची कड

नोझल म्हणजे वायूला वेग देणारे तोंड. कोंडलेला वायू या तोंडातून सुटतो तेव्हा त्याचा दाब उतरतो आणि उतरलेल्या दाबाच्या बदल्यात वेग चढतो. सुटलेल्या धारेला झोत म्हणतात. धारेचा वेग तिच्यातल्याच वायूतील ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त झाला की तो स्वनातीत झोत. लढाऊ विमानाच्या शेपटाशी आणि अग्निबाणाच्या बुडाशी असे झोत असतात हे सर्वांना ठाऊक असते, पण ते तेवढ्यापुरतेच नाहीत. गॅरेजमध्ये एअर फिल्टर झाडायला जी हवेची बंदूक वापरतात, तिच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेचा दाब वातावरणाच्या सहा-सात पट असतो. हवेला नोझलच्या तोंडाशी ध्वनीचा वेग गाठायला मात्र आतला दाब बाहेरच्या दाबाच्या १.८९ पट असला की पुरे. त्यामुळे त्या बंदुकीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्राबाहेर पेरभर लांबीचा स्वनातीत झोत तयार होतो. स्वयंपाकघरातला कुकरही या उंबरठ्यावरच असतो. शिट्टी उचलली जाते तेव्हा आतला दाब वातावरणाच्या जवळपास दुप्पट असतो आणि वाफेला ध्वनीच्या वेगापर्यंत पोचायला त्याहून किंचित कमीच पुरतो.

या सगळ्या झोतांचा स्वभाव एकच. शांत हवेत घुसायचे, तिला आपल्याबरोबर ओढायचे, तिच्यात मिसळून जायचे, आणि हे करताना मोठा गोंगाट करायचा. लढाऊ विमान धावपट्टीवरून सुटते तेव्हा ऐकू येणारा आवाज बहुतांशी इंजिनाच्या आतल्या यंत्रांचा नसतो. तो नोझलच्या मागे, मोकळ्या हवेत, नोझलच्या व्यासाच्या दहा-वीस पट अंतराच्या टापूत जन्मतो. म्हणूनच इंजिनाला आतून कितीही ध्वनिशोषक अस्तर लावले तरी तो अडत नाही. अभियंत्याच्या हाती उरते ते नोझल: त्याचा आकार, आणि त्यातही त्याची शेवटची कड.

निमुळत्या नळीची एक मर्यादा आहे. तिच्यातून वायू कितीही जोराने ढकलला तरी तिच्या सर्वांत अरुंद जागी तो ध्वनीच्या वेगापुढे जात नाही. ध्वनीचा वेग ओलांडल्यावर वायूचे वागणे उलटते. वेग जितका वाढतो त्याहून जास्त प्रमाणात वायू विरळ होतो आणि त्याला जास्त जागा लागते. म्हणून पुढचा वेग मिळवायला नळी अरुंद नव्हे, रुंद व्हावी लागते. ही आधी निमुळती आणि मग पसरट होणारी नळी स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८८८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या टर्बाइनसाठी वापरली. आज अग्निबाणाच्या नोझलला त्यांचेच नाव आहे. हवेचा झोत ध्वनीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे मॅक २ ला बाहेर काढायचा तर तोंडाचे क्षेत्रफळ कमरेच्या, म्हणजे सर्वांत अरुंद जागेच्या, १.६९ पट ठेवावे लागते. हा आकडा पक्का आहे. प्रत्येक वेगाला एकच प्रमाण.

अडचण इथेच सुरू होते. विमान जमिनीवर असते तेव्हा बाहेरचा दाब वेगळा, अकरा किलोमीटर उंचीवर त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. इंजिनाची ताकद कमीजास्त केली की आतला दाबही बदलतो. एका आकाराचे नोझल एकाच परिस्थितीला अचूक बसते. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय विमाने तयार झाली आहेत. त्यांच्या मागे उभे राहून पाहिले तर नोझल अखंड नळी नाही, एकमेकांवर चढलेल्या धातूच्या पाकळ्यांचे ते वर्तुळ आहे, हे दिसते. या पाकळ्या मिटतात आणि उमलतात. त्यांच्यामुळे कंबर आणि तोंड दोन्हींचे माप बदलता येते. तरीही प्रत्यक्षात मेळ पुरता जमत नाही, विशेषतः उड्डाणाच्या वेळी.

मेळ जमला नाही की झोताच्या पोटात एक ठळक आकृती उमटते. बाहेर पडलेल्या वायूचा दाब भोवतालच्या हवेपेक्षा जास्त असेल तर झोत फुगतो, फुगता फुगता गरजेपेक्षा जास्त पसरतो, मग भोवतालची हवा त्याला आत दाबते, आणि तो पुन्हा फुगतो. स्वनातीत वेगामुळे ही दुरुस्ती सावकाश होत नाही; धक्कालहरींच्या, म्हणजे दाबातल्या अचानक उडीच्या, तिरप्या रेषांनी एकदम होते. परिणामी झोताच्या आत एकामागून एक चौकटींची माळ तयार होते. आफ्टरबर्नर पेटवून, म्हणजे झोतातच जादा इंधन जाळून, उडणाऱ्या विमानामागे संध्याकाळच्या उजेडात तेजस्वी मण्यांची जी ओळ दिसते ती हीच. पुण्यात लोहगावच्या धावपट्टीच्या आसपास राहणाऱ्यांना ती नवी नाही. मॅक १.५ च्या झोतात एका चौकटीची लांबी व्यासाच्या दीडपट येते, म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटरच्या नोझलामागे सुमारे मीटरभर अंतरावर एकेक मणी. या चौकटींची छायाचित्रे १८८० च्या दशकातच निघाली. एर्न्स्ट माख आणि पीटर साल्खर यांनी वेगवान गोळ्यांपुढच्या लहरी टिपल्या आणि पुढे हवेच्या झोतांतही त्याच लहरी शोधल्या. वेगाचे ‘मॅक’ हे माप माख यांच्याच नावाने चालत आले आहे.

आता मिसळण्याकडे. झोत आणि शांत हवा जिथे एकमेकांना लागून असतात तिथे वेगात एकदम फरक असतो. असा फरक स्थिर राहत नाही. सीमेवर बारीक लाटा उठतात, लाटा गुंडाळून भोवरे होतात, शेजारचे दोन भोवरे मिळून मोठा होतो, आणि प्रत्येक भोवरा बाहेरची हवा घास घेतल्यासारखी आत ओढतो. पूर्वी हा सगळा निव्वळ गोंधळ मानला जाई. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतील गॅरी ब्राउन आणि अनातोल रोश्को यांनी दोन वायूंच्या थरांमधली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत गोंधळाच्या आत मोठमोठे, नीट आकाराचे, ओळीने चाललेले भोवरे स्पष्ट दिसत होते. त्या छायाचित्रांनी हा विषयच बदलला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. भोवऱ्यांना रचना असेल तर तिच्यात हस्तक्षेप करता येतो, आणि हस्तक्षेपाची जागा म्हणजे भोवरे जिथे जन्मतात ती नोझलची कड. रोश्को यांचे नाव भारतीय वाचकाला आणखी एका धाग्याने जवळचे वाटेल. १९५० च्या सुमारास कॅलटेकमध्ये हान्स लीपमन यांच्या हाताखाली रोश्को आणि सतीश धवन यांनी एकत्र काम केले होते. धक्कालहरी पृष्ठभागालगतच्या थरावर आपटून कशा परततात, यावरच्या त्यांच्या अहवालावर या तिघांची नावे आहेत. पुढे ‘इस्रो’ची धुरा वाहणारे धवन ते हेच.

स्वनातीत झोताची मोठी गोम अशी, की तो मिसळायला नाराज असतो. भोवरा वाढायचा तर दाबातला बदल चारी बाजूंना पोचला पाहिजे, आणि दाबातला बदल ध्वनीच्या वेगानेच पोचतो. प्रवाह त्याहून वेगात निघून गेला तर भोवऱ्याच्या पुढच्या टोकाला मागची खबरच लागत नाही. १९८८ मध्ये दिमित्री पापामोस्कू आणि रोश्को यांनी दाखवले की, भोवऱ्यांच्या चालीच्या तुलनेत प्रवाह स्वनातीत झाला की मिसळणाऱ्या थराची वाढ मंद वेगातल्या वाढीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. झोताच्या लांबीवरही हे दिसते. झोताच्या मध्यभागी वेग जराही न उतरलेला एक गाभा असतो. सावकाश झोतात तो व्यासाच्या चार-पाच पट अंतरापर्यंत टिकतो. मॅक २ च्या झोतात आठ-नऊ पटींपर्यंत. म्हणजे झोत जितका वेगवान, तितका तो एकलकोंडा.

हा एकलकोंडेपणा अनेक कामांत आड येतो. लढाऊ विमानाच्या मागे तापलेला झोत लांबवर टिकला की उष्णता हुंगणाऱ्या क्षेपणास्त्राला खूण मिळते. स्क्रॅमजेट इंजिनात तर सगळा खेळ मिसळण्यावरच असतो. त्याच्या आत हवा स्वनातीत वेगानेच वाहते आणि इंधनाला तिच्यात मिसळून जळायला मिलिसेकंदाच्या आसपासच वेळ मिळतो. ‘इस्रो’ने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडवलेल्या प्रयोगात स्क्रॅमजेट सुमारे पाच सेकंद जळले. त्या पाच सेकंदांमागची मुख्य अडचण हीच होती: वादळात काडी पेटवण्याआधी वादळात इंधन कालवायचे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाज.

तबल्याची पुडी थरथरते, सतारीची तार थरथरते, म्हणून आवाज होतो. झोतात थरथरणारी वस्तूच नसते. मग निव्वळ हवेतून एवढा आवाज कसा निघतो? या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर १९५२ मध्ये मँचेस्टरच्या जेम्स लाइटहिल यांनी दिले. त्यांच्या मांडणीतून निघालेला नियम आजही प्रत्येक अभियंत्याला तोंडपाठ असतो. झोतातून निघणारी ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग दुप्पट केला तर आवाजाची शक्ती २५६ पट, म्हणजे २४ डेसिबल जास्त. उलट हिशेबही करता येतो. रेटा तेवढाच ठेवून वेग निम्मा केला आणि व्यास दुप्पट केला, तर ध्वनिशक्ती ६४ पटींनी उतरते. गेल्या पन्नास वर्षांत प्रवासी विमानांच्या इंजिनांची तोंडे अवाढव्य होत गेली आणि ती शांत झाली, त्याचे कारण या एका हिशेबात आहे. स्वनातीत विमानाला ही वाट बंद असते. एवढे रुंद इंजिन घेऊन मॅक २ ला उडणे हवेच्या विरोधामुळे परवडत नाही. झोत अरुंद आणि वेगवानच ठेवावा लागतो. फार मोठ्या वेगाला आठव्या घाताचा नियम सैल होऊन वाढ घनाच्या प्रमाणात येते, पण तोवर आवाज सहनशक्तीच्या पलीकडे गेलेला असतो. झोताच्या एकूण शक्तीतला शंभरातला एक भागही आवाजात जात नाही, आणि तरी अशी स्थिती.

स्वनातीत झोताच्या आवाजात तीन वेगळे आवाज मिसळलेले असतात. पहिला भोवऱ्यांचा, मिसळणीचा. आफ्टरबर्नरच्या झोताचा वेग सेकंदाला हजार मीटरच्या घरात जातो आणि त्यातले मोठे भोवरे त्याच्या सुमारे सत्तर टक्के वेगाने पुढे सरकतात, म्हणजे बाहेरच्या हवेतल्या ध्वनीच्या दुप्पट वेगाने. असा भोवरा हवेत घुसणाऱ्या गोळीसारखा वागतो आणि त्याच्यापासून तिरप्या लहरी सुटतात. हा आवाज मागच्या बाजूला, झोताशी विशिष्ट कोन करून, सर्वांत जोरात ऐकू येतो. दुसरा आवाज चौकटींचा. भोवरे धक्कालहरींच्या माळेतून जाताना प्रत्येक चौकटीशी आदळतात आणि खरखरीत, पसरट आवाज बाजूला व पुढच्या दिशेला फेकला जातो.

तिसरा आवाज सर्वांत विलक्षण. १९५३ मध्ये साउथॅम्प्टनच्या अ‍ॅलन पॉवेल यांनी त्याचे मर्म उलगडले आणि त्याला ‘स्क्रीच’ हे नाव रूढ झाले. मराठीत त्याला सरळ किंचाळी म्हणता येईल. नोझलच्या कडेवर एक लाट जन्मते. ती वाढत खाली जाते, तिसऱ्या-चौथ्या चौकटीवर आदळते. तिथून निघालेला आवाज झोताच्या बाहेरून उलट दिशेला प्रवास करतो, कडेला येऊन धडकतो आणि नेमका तिथे नवी लाट जन्माला घालतो. चक्र पूर्ण झाले. बासरीत फुंकर आणि नळीतली हवा एकमेकांना सांभाळून सूर धरतात, तसाच हा सूर, फक्त त्यात गोडवा नाही. दहा मिलिमीटर व्यासाच्या प्रयोगशाळेतल्या नोझलातून मॅक १.४ च्या सुमाराचा झोत सोडला तर तो दहा हजार हर्ट्‌झच्या वर किंचाळतो. कानात सुई गेल्यासारखे वाटते. नोझलच्या बाहेरच्या कडेला स्पंजाची गुंडाळी केली, की दाब तोच, झोत तोच, आणि किंचाळी मात्र एकदम बसते, कारण परतणाऱ्या आवाजाला धडकायला कठीण कड उरत नाही. आवाज झोतातून निघत असला तरी त्याची किल्ली कडेपाशी आहे, हे याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही.

ही किंचाळी नुसती कानाला त्रास देऊन थांबत नाही. व्हीसी-१० या ब्रिटिश प्रवासी विमानाच्या सांगाड्याला पडलेल्या बारीक तड्यांचे मूळ शोधताना संशोधक याच सुरापाशी पोचले. पुढे अमेरिकेच्या एफ-१५ विमानात दोन नोझल शेजारी शेजारी असल्याने दोन्ही झोत एकाच तालात किंचाळू लागत आणि नोझलवरच्या बाहेरच्या पट्ट्या थकून निकामी होत. ‘नासा’च्या लँगली केंद्रात जॉन सायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या जोडझोतांचा पाठपुरावा केला.

गोल तोंड हे सर्वांत सोपे आणि मजबूत. मात्र मिसळण्याच्या दृष्टीने ते सर्वांत आळशी आहे, कारण त्याची कड सगळीकडे सारखी असते आणि भोवऱ्यांच्या कड्या सुबक वर्तुळे होऊन शांतपणे पुढे जातात. तोंड लंबगोल केले की हा सुबकपणा मोडतो. लंबगोल कडीचा टोकाकडचा भाग जास्त वाकलेला असतो, आणि जास्त वाकलेला भाग जास्त वेगाने पुढे पळतो. टोके पुढे गेली की कडी दुमडते, दुमडलेली कडी आडव्या बाजूला पसरते, आणि काही अंतरावर झोताचा आडवा लंबगोल उभा झालेला असतो. पुढे तो पुन्हा आडवा होतो. या प्रत्येक पलटीत बाहेरची हवा भरपूर आत ओढली जाते. १९८७ मध्ये चिह-मिंग हो आणि एफ्राइम गुटमार्क यांनी दोनास एक प्रमाणाच्या लंबगोल झोताची मोजमापे दिली. गोल झोताच्या कित्येक पट हवा तो ओढतो, असे त्यांत दिसले. ही मोजमापे सावकाश झोताची होती. स्वनातीत झोतात फायदा कमी होतो, पण उरतो.

आयताकृती तोंडाचेही असेच. त्याचा अरुंद बाजूचा पसारा झपाट्याने वाढतो. एफ-११७ या रडारला चकवणाऱ्या विमानाचे नोझल तर रुंद, चपटी फट होते. गरम वायू पातळ चादरीसारखा बाहेर पडून लवकर थंड व्हावा हा त्यातला एक हेतू. एफ-२२ चे नोझलही आयताकृतीच आहे. किंमत मोजावी लागते ती वजनाने. गोल नळी दाब सहज पेलते, सपाट भिंत फुगू पाहते, म्हणून तिला जाड करावे लागते. शिवाय आयताकृती झोत किंचाळू लागला तर चाबकासारखा वरखाली फटकारतो, तो गोल झोतापेक्षा वाईट.

सगळ्यात कमी साहित्यात सगळ्यात मोठा बदल घडवते ती टॅब. नोझलच्या कडेवरून आत डोकावणारी ही नखाएवढी पट्टी तोंडाच्या क्षेत्रफळाचा एक-दोन टक्केच भाग अडवते. तिच्यासमोर प्रवाह अडतो, दाबाचा उंचवटा तयार होतो, आणि त्याला वळसा घालताना दोन्ही बाजूंनी एकेक भोवरा सुटतो, एक डावा आणि एक उजवा. हे भोवरे नेहमीच्या कड्यांसारखे आडवे नसतात. त्यांचा आस झोताच्या दिशेने असतो. बर्म्याच्या पात्यासारखे फिरत फिरत ते पुढे जातात आणि बाहेरची हवा थेट झोताच्या पोटात उपसून आणतात. महत्त्वाचे असे की, स्वनातीत वेगाने नेहमीचे भोवरे जसे मरगळतात तसे हे मरगळत नाहीत. समोरासमोर दोन टॅब बसवल्या तर झोत अक्षरशः दुभंगतो. १९९३-९४ मध्ये मो समीमी, खैरुल झमान आणि मार्क रीडर यांनी टॅबच्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले: गाभा आखूड झाला, किंचाळी नाहीशी झाली, खालच्या पट्टीतला आवाज उतरला. आयआयटी कानपूरमध्ये ई. रथकृष्णन यांच्या गटाने हा विषय अनेक वर्षे लावून धरला. दंतुर कडांच्या टॅब, छिद्रे पाडलेल्या टॅब, तोंडावर आडव्या-उभ्या ताणलेल्या तारा, असे कितीतरी प्रकार तिथे तपासले गेले. उघड्या तोंडावर बसवलेली एक तारही झोताचा स्वभाव पालटते, हे या कामातून दिसते.

टॅबचा दोष उघड आहे: ती प्रवाह अडवते आणि रेटा खाते. लढाऊ विमानाला एक टक्का रेटा गमावणेही जड जाते. यावर तोडगा म्हणून आले ते कडेचे दाते, शेव्हरॉन. टॅब प्रवाहात उभी राहते. शेव्हरॉन म्हणजे कडच करवतीच्या दात्यांसारखी कापलेली आणि किंचित आत वळवलेली. भोवरे थोडे दुबळे निघतात, पण रेट्याचे नुकसान अगदी कमी. ही कल्पना नवी वाटते, ती नाही. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला रॉबर्ट वेस्टली आणि जेफ्री लिली यांनी १९५२ मध्येच छोट्या झोतांवर दात्यांचे प्रयोग केले होते. त्याच दशकात रोल्स-रॉइसच्या फ्रेडरिक ग्रेटरेक्स यांनी फुलाच्या पाकळ्यांसारखे खोल पन्हाळी नोझल तयार केले, आणि पहिल्या बोइंग-७०७ विमानांना एका तोंडाऐवजी अनेक नळ्यांचा झुबका होता. ही जुनी साधने जड होती आणि इंधन खात. मोठ्या पंख्याची इंजिने आली तशी ती गेली.

दाते परतले ते एकविसाव्या शतकात, बोइंग-७८७ आणि ७४७-८ च्या इंजिनांवर. मुंबईच्या विमानतळावर ७८७ उभे असले तर इंजिनाच्या मागच्या कडेचे मोठे, मऊ दाते लांबूनही दिसतात. जमिनीवर या विमानाचा झोत स्वनातीत नसतो. उंचीवर मात्र बाहेरचा दाब उतरल्यामुळे पंख्याच्या वाटेने येणाऱ्या हवेतही धक्कालहरींच्या चौकटी तयार होतात आणि त्यांचा घरघराट मागच्या आसनांवरच्या प्रवाशांना ऐकू येतो. दाते तो आवाज कमी करतात. म्हणजे त्यांचा एक उपयोग विमानतळाशेजारी राहणाऱ्यांना आणि दुसरा खुद्द प्रवाशांना.

दात्यांना, टॅबला, कुठल्याही कडेच्या उपायाला एक अट मात्र चिकटलेली आहे. मिसळणी लवकर झाली की मोठे भोवरे फुटून लहान होतात. मोठ्यांचा खर्जातला आवाज कमी होतो आणि लहानांचा चढ्या पट्टीतला वाढतो. हे फायद्याचे की तोट्याचे, ते ऐकणारा कुठे उभा आहे यावर ठरते. ढोल-ताशांचे पथक दोन गल्ल्या पलीकडे असले की ताशाचा तडतडाट विरतो आणि ढोल तेवढा ऐकू येतो, कारण हवा चढे सूर लवकर पिऊन टाकते. विमानतळापासून तीन-चार किलोमीटरवर राहणाऱ्यासाठी आवाज चढ्या पट्टीत ढकलणे हा खरा दिलासा आहे. विमानापासून वीस मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो नाही.

विमानवाहू नौकेच्या डेकवर अशी माणसे रोज उभी असतात. म्हणून तिथल्या लढाऊ विमानांच्या एफ-४०४ या इंजिनाच्या नोझलवर दात्यांचे आणि आतल्या पट्ट्यांना लहरीदार करण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. आतल्या लहरी भिंतींमुळे भोवरे तर निघतातच, शिवाय तोंड आणि कमरेचे प्रमाण सुधारून चौकटीही सौम्य होतात. एका हस्तक्षेपाने दोन आवाजांवर इलाज, म्हणून ही दिशा सर्वांत आशादायक वाटते. याच इंजिन-कुळातले इंजिन भारताच्या तेजस मार्क-१ मध्ये आहे.

प्रवासी स्वनातीत विमानाच्या वाट्याला मात्र नोझलने अजून यश दिलेले नाही. काँकॉर्ड विमान आफ्टरबर्नर पेटवून उडे. न्यूयॉर्कच्या विमानतळ प्राधिकरणाने आवाजाचे कारण देऊन त्याला मज्जाव केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये कुठे तिथली नियमित सेवा सुरू होऊ शकली. हा उड्डाणाचा आवाज आणि विमान ध्वनीपेक्षा वेगाने डोक्यावरून जाताना होणारा धमाका, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धमाका विमानाच्या शरीराचा असतो, नोझलशी त्याचा फारसा संबंध नाही. १९९० च्या दशकात ‘नासा’ने तीनशे प्रवाशांच्या, मॅक २.४ च्या विमानाची आखणी केली तेव्हा झोतासाठी एक अख्खी पेटी योजली होती. आत पन्हाळी नोझल, बाजूच्या झडपांतून ओढली जाणारी बाहेरची हवा, आणि मिसळणी होईपर्यंत आवाज पिणाऱ्या भिंती. आवाज खरोखर कमी होत होता, पण पेटीचे वजन आणि लांबी विमानाला झेपेना. १९९९ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला.

तोंड तिरके कापणे हा आणखी एक मार्ग. त्याने आवाज फारसा घटत नाही, पण त्याची दिशा वळते आणि कानांपासून दूर, आकाशाकडे नेता येते.

कडेच्या करामतीचे सर्वांत स्वस्त रूप हवेच्या बंदुकीवर मिळते. साध्या उघड्या नळीऐवजी अनेक बारीक छिद्रांचे किंवा चांदणीच्या आकाराच्या फटींचे टोक बसवले, की एका मोठ्या झोताचे अनेक लहान झोत होतात, ते भोवतालची हवा लवकर ओढतात, आवाज चढ्या पट्टीत जातो आणि एकूण उतरतो. झाडण्याचे काम तेवढेच होते, कारण ओढलेली हवाही धूळ ढकलते. भारतात कारखान्यांतल्या कामगारासाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि उघडी नळी ती सहज ओलांडते. ज्यांच्या गॅरेजमध्ये ती अजून वापरात असेल त्यांनी टोक बदलावे आणि बंदूक चालवणाऱ्याच्या कानाला संरक्षण द्यावे. त्यासाठी कंपनी वा विमानतळ लागत नाही. हे काम पान्याने पाच मिनिटांत होते.